निगडवाडीची साक्ष

"मेला म्हना, न्हाईतर जिता म्हना. मदलं कायबी नगं."

शालन आमच्या ओसरीच्या कडेला बसून बोलली आणि पदरानं तोंड पुसून अंगणाकडे बघत राहिली. आबा केकताडाचा दोर वळत होते. त्यांचा हात थांबला नाही. डाव्या कानानं त्यांना काही म्हणता काही ऐकू यायचं नाही, आणि ही बाई नेमकी डाव्या अंगाला येऊन बसली होती. मी उठले, उजव्या बाजूला गेले आणि तिचं बोलणं त्यांच्या कानात जसंच्या तसं सांगितलं. घरात हे काम माझंच होतं. आईला मोठ्यानं बोललं की खोकला यायचा.

शालन म्हणजे निगडवाडीच्या सर्जेराव कणशाची बायको. सर्जेराव आबांच्या पलटणीतला. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सीमेवर एका कालव्याच्या बांधाशी तो बेपत्ता झाला. पलटणीत दोघादोघांची जोडी लावून दिलेली असते. एकानं खंदक खणायचा तर दुसऱ्यानं पहारा करायचा, एकाची खबर विचारायची ती दुसऱ्याला. सर्जेरावचे जोडीदार आमचे आबा, हवालदार एकनाथ निकम. त्यामुळे लढाई संपल्यापासून जो तो त्यांनाच विचारायचा. साहेबांनी विचारलं, कणशांच्या भावकीनं विचारलं, आईनं तर किती वेळा. आबांचं उत्तर ठरलेलं. "म्या बघितलं न्हाई." पुढं एक शब्द नाही.

पाणवठ्यावर बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजायच्या, हवालदार जोडीदाराला टाकून पळाला म्हणून. मी पहिल्यापासून फटकळ. दोघीतिघींच्या घागरी उपड्या केल्या असतील मी. पण खरं सांगते, मी कशासाठी भांडतेय ते मलाच माहीत नव्हतं. पळाले असतीलही, असं वाटायचं. घरात त्यांच्याशी बोलताना हे मनात यायचं आणि मग मला माझाच राग यायचा.

सरकारनं कणशांना कळवून टाकलं होतं की शिपाई मृत समजण्यात येत आहे. सर्जेरावची आई बायजाबाई त्यावर म्हणाली होती, "समजत्यात म्हंजी? त्यांची समज त्यांच्यापाशी. माझा सर्जा मेला का न्हाई तेवडं सांगा." कुणीच सांगितलं नाही. कुठल्याशा देवऋष्यानं तिला सांगितलं की पोरगा परमुलखात कैदेत आहे, भाकरी मिळत्ये, पण वाट सापडत नाही. म्हातारीनं तेच धरून ठेवलं.

आता नऊ वर्षांनी शालनच्या भावानं तिच्यासाठी एक माणूस बघितला होता. वाईकडचा, बायको वारलेला, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. शालन तिशीची, मूलबाळ नाही, तिचं मन होतं. म्हातारी म्हणाली, माझा लेक जिता असताना त्याच्या बायकोचा पाट लागतोच कसा? भांडण भावकीत गेलं. भावकीनं ठरवलं, रविवारी खंडोबाच्या देवळात जोडीदारानं यावं, बेलभंडारा उचलावा आणि काय ते सांगावं. तो म्हणेल ते दोन्हीकडच्यांनी मानायचं.

"म्या बघितलं न्हाई, शालन," आबा दोराकडे बघत म्हणाले.

"ठावं हाय, दादा. नऊ वर्सं त्येच ऐकतीया."

"मग काय सांगू?"

"म्या असंच सांगा म्हनत न्हाई. जिता म्हनलासा तर बशीन. सासूला सांबाळीन, कुकू लावीन, माजी तक्रार न्हाई. मेला म्हनलासा तर भावाच्या मागं जाईन. पर सकाळी उटल्यावर आज मी कोन हाय, येवडं मला कळाया नगं व्हय? कुकवाला बोट लावती आन् वाटतं, कुनाला फशिवतीया."

मी हेही सांगितलं. आबांनी दोराला पीळ दिला. शालननं आणलेल्या शेंगांचं गाठोडं आईपुढं सरकवलं आणि चहा न घेताच निघाली. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो तिनं सुतळीनं बांधला होता. का कोण जाणे, मला तेवढंच दिसत राहिलं.

रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही निगडवाडीला गेलो. आई निघताना म्हणाली, "काय सांगणार हायसा?" आबा म्हणाले, "हाय तेच." आई गप्प बसली. ती गप्प बसायला शिकलेली होती. मी मात्र गाडीत मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. ते म्हणणार, बघितलं नाही. म्हातारी म्हणणार, बघा, जिता हाय. शालन परत चुलीपुढं जाऊन बसणार. आणि आम्ही दुपारच्या गाडीनं घरी.

देवळात पाचपन्नास माणसं होती. बायका एका बाजूला, त्यांच्यापुढं बायजाबाई, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. वाळून खारीक झालेली बाई, पण डोळे जिवंत. शालन खांबाला टेकून उभी. कपाळाला ठसठशीत कुंकू. आप्पा कणसे म्हणजे सर्जेरावचे चुलते, ते भावकीच्या वतीनं बोलणार होते. त्यांनी आबांना देवापुढं बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "पोरी, तू हितं कशाला?"

"त्यांना डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. उजव्यात सांगावं लागतं," मी म्हणाले.

"मग बस. पर आपल्या पदरचं कायबी घालू नगस."

"मी कशाला घालू?" मी म्हणाले, आणि आबांच्या उजव्या हाताला बसले.

गुरवानं ताटली आणली. बेलाची पानं आणि त्यावर हळदीचा भंडारा. आबांनी दोन्ही हातांत घेतला. गुरव शपथ सांगायला लागला. त्याचा आवाज बारीक, नाकातला. तो बोलणार, मी आबांच्या कानात बोलणार, मग आबा मोठ्यानं बोलणार, अशी रीत पडली.

"देवा खंडेराया, तुज्याफुडं बसून बोलतो," गुरव म्हणाला. मी म्हणाले. आबा म्हणाले.

"डोळ्यानं बघितलं तेच बोलतो." मी म्हणाले. आबा म्हणाले.

"खोटं बोललो तर माज्या लेकराबाळांचं वाटुळं हुईल."

मी थांबले. आबांना लेकरू म्हणजे मी एकटीच. माझ्या मागचे दोघं भाऊ लहानपणीच गेले होते. देवळात सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबांनी माझ्याकडे मान वळवली नाही. "सांग," म्हणाले.

मी सांगितलं. माझंच वाटोळं मी माझ्याच बापाच्या कानात सांगितलं. आणि आबा ते वाक्य मैदानात हुकूम द्यावा तशा आवाजात, एका दमात बोलले.

आप्पा खाकरले. "इच्यार त्यास्नी. सर्जेरावाला पडल्याला, मेल्याला सोताच्या डोळ्यानं बघितलं का?"

मी विचारलं. उत्तर मला पाठ होतं. दुपारची गाडी फाट्यावर किती वाजता येते ते कुणाला विचारावं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

"बघितला," आबा म्हणाले.

 मला वाटलं, त्यांना प्रश्न नीट ऐकू गेला नाही. मी परत कानाशी गेले, "आबा, ते विचारतायत—"

"ऐकलं म्या. बघितला. मेला त्यो. माज्या डोळ्यादेखत."

बायजाबाई उठली नाही. बसल्या जागेवरून हातांवर सरकत आबांपुढं आली. आता तिचं तोंड आबांच्या तोंडापासून हातभर लांब. तिला माझी गरज नव्हती, ती ओठांनी एवढं सावकाश बोलत होती.

"कुटं लागलं त्येला?"

"छातीत."

"हितं?" तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"व्हय. तितंच."

"तरास झाला?"

"न्हाई. लगेच गेला."

"पानी मागितलं?"

आबांना जरा वेळ लागला. "न्हाई. तेवढा येळच मिळाला न्हाई."

"आई म्हनला?"

"म्हनला."

म्हातारीनं मान हलवली, जशी काही बाजारातली खबर पटली. मग तिच्या एकदम लक्षात आलं. "आन् ह्ये तुला ठावं हुतं? नऊ वर्सं? मी रोज सांजच्याला येशीपातुर जाती. माजं गुडगं गेलं. ह्या पोरीचं वय गेलं. आन् तुला ठावं हुतं?"

आबांनी बेलभंडारा ताटलीत ठेवला.

"बोल की रं! का न्हाई सांगितलंस? पळालास तू. माज्या लेकाला तितं टाकून पळालास, म्हनून तोंड न्हाई उगडलं. व्हय का न्हाई?"

"व्हय," आबा म्हणाले.

तिनं त्यांच्या तोंडात मारली. म्हातारा हात, त्याला जोर कुठला? पण आवाज झाला. दुसरी मारली. आप्पांनी तिला धरायला हात पुढं केला, तर आबांनीच मानेनं नको म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळेला तिचा हात वाटेतच राहिला आणि ती तशीच जमिनीवर कलंडून रडायला लागली, लहान मूल रडावं तशी, तोंड उघडं टाकून.

मी शालनकडे बघितलं. तिनं पदराचं टोक घेतलं आणि कुणी यायची वाट न बघता स्वतःच कपाळ पुसलं. तिला मोकळं व्हायचं होतं, आणि ती मोकळी झाली होती. तरी ती खांबाला धरून अशी मोडून खाली बसली की भावाला तिला दोन्ही हातांनी उचलावं लागलं. जाताना आबांच्या समोरून गेली. बघितलं नाही.

आम्ही फाट्याकडे चालत निघालो. ऊन तापलं होतं. दोन्ही बाजूंना कापलेल्या ज्वारीची रानं, सावलीला झाड नाही. आबांच्या गालावर भंडारा लागला होता, म्हातारीच्या हाताचा की त्यांच्याच, कुणास ठाऊक. मला त्यांच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. राग नाही, दया नाही. पाय नुसते उचलत होते.

फाट्याजवळच्या मोरीवर बसलो. मी त्यांच्या उजव्या कानाशी गेले आणि म्हणाले, "आबा, खरंच बघितलंत?"

"न्हाई."

एवढं बोलून ते थांबतील असं वाटलं. पण ते बोलत राहिले, रस्त्याकडे बघत, कुणी विचारल्यासारखं नाही, सांगून टाकायचं म्हणून. माझ्या उभ्या जन्मात मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

"चीनच्या लढाईनंतर पोरं गाड्या भरभरून यायची. म्या तवा सेंटरला उस्ताद हुतो. वर्षाचं शिक्षान निम्म्यावर आनलेलं. नांगर सोडून आलेली पोरं, बूट घालून चालता येत न्हवतं, आन् आम्ही त्यास्नी लढाई शिकवायची. पयलं काय शिकवायचं ठावं हाय? हल्ला करताना शेजारचा पडला तर बघायचं न्हाई. थांबायचं न्हाई, वळायचं न्हाई. मागनं येणारं बघत्यात त्याच्याकडं. आपून बघत बसलो तर आपून बी जातो आन् हल्ला बी जातो."

"मग?"

"मग आम्ही मुद्दाम एकाला पडायला सांगायचो. आन् शेजारचा वळला की धरायचा. रायफल डोस्क्यावर, मैदानाला फेऱ्या, पडंस्तवर. सर्जा दर खेपंला थांबायचा. दर खेपंला! म्या इचारलं, का रं लेका, तुला कळत न्हाई? तर म्हनला, उस्ताद, औताचा एक बैल बसला तर दुसरा फुडं जात न्हाई."

आबांनी गाल पुसला. हळद आणखी पसरली.

"म्या त्येला लई पळवला. त्येच्या तोंडातनं फेस येईस्तवर. महिन्याभरानं थांबायचं बंद झालं त्येचं. म्या सगळ्या पोरांफुडं त्येची पाठ थोपटली. फुडं म्या पलटणीत परत गेलो, त्यो बी तिकडंच आला, आन् जोडी लागली."

"आणि त्या दिवशी?"

"बांध चढताना माज्या डाव्या अंगाला गोळा फुटला. म्या पडलो. सर्जा फुडं गेल्याला. वळला आन् माघारी आला. म्या त्येला आईवरनं शिव्या दिल्या, शिकिवल्यालं इसरला काय म्हनून. त्यानं माज्या काखंत हात घालून उठिवला. काय तरी बोलत हुता, तोंड हलताना दिसत हुतं. कान गेल्याला. मग दोघं पळालो. त्यो माज्या डाव्या अंगाला. जरा फुडं गेलो आन् त्यो न्हवता."

"पडला?"

"आसंल."

"हाक मारली त्यानं?"

"मारली आसंल. ऐकू आली न्हाई."

"तुम्ही वळून—"

"न्हाई," आबा म्हणाले. "म्या वळलो न्हाई. मान वळलीच न्हाई, मंदे. भ्यालो म्हनून न्हवं. शिकिवल्यालं हुतं." मग म्हणाले, "बांध घेतला आम्ही. उजाडायच्या टायमाला त्यांनी परत घेतला. आम्हाला दुसऱ्या अंगानं माघारी आनलं. ती जागा मला पुन्ना दिसली न्हाई."

"मग देवळात खोटं का बोललात?"

"शालनला एक कायतरी पायजे हुतं. माज्याजवळ दुसरं काय हुतं द्यायला?"

"आणि शपथ? ती माझ्यावर होती, आबा."

मी बोलताना त्यांच्या समोर उभी होते की डाव्या बाजूला गेले होते, आता आठवत नाही.  गाडी आली, धुरळा उडाला, आणि आम्ही चढलो.

शालनचा पाट पुढच्या दोन महिन्यांत लागला. तिचा संसार चांगला झाला. दोन मुलं झाली, मोठी मुलगी पुढं शिक्षिका झाली. आमच्याकडे ती कधी आली नाही, आणि का यावं? बायजाबाईनं आबांचं नाव आसपासच्या चार गावांत पोचवलं. आधी कुजबूज होती, आता चावडीवर उघड बोलायला लागले, पळपुटा हवालदार. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला माजी सैनिकांना बोलवायचे, ते आबांना बोलवेनासे झाले. आईनं एकदा विचारलं, "अवो, तुमी पळाला न्हाई तर का ऐकून घेता?" आबा म्हणाले, "चहा टाक." मी आईला सांगितलं नाही. सांगायचं तर देवळातली शपथ खोटी, हेही सांगावं लागलं असतं, आणि आईनं माझ्यासाठी गावातल्या सगळ्या देवांना नवस बोलले असते.

माझं लग्न झालं. पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. साताऱ्याच्या दवाखान्यात मी होते. आबा आले, पण बाहेर पायरीवर बसून राहिले. नवऱ्यानं दोनदा बोलावलं, मी निरोप धाडला. आत आले नाहीत. संध्याकाळी खिडकीतून बघितलं तर तिथंच, टोपी गुडघ्यावर ठेवून. मला हाक मारता आली असती. पण मी त्यांच्या डाव्या बाजूच्या खिडकीत होते. पुढं मला दोन मुलगे झाले, ठणठणीत. त्यांना आबांनी कधी मांडीवर घेतलं नाही. लांबूनच बघायचे, पोरं आजोबांकडे गेली की म्हणायचे, "जा, आईकडं जा."

त्यांच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. मी माहेरी गेले होते. दुपारी जेवायला बसलो आणि शेजारचा वसंता पेपर घेऊन धावत आला. पलीकडच्या तुरुंगातनं आपले काही कैदी सोडले म्हणे, सीमेवर आणलेत, नावं अजून यायचीत. "काकी, आपल्या भागातलं कोन आसलं तर काय मज्जा हुईल!" असं म्हणून तो दुसऱ्या घरी सांगायला गेला. आई हात जोडून म्हणाली, "येऊ द्या रं बाबांनो, सगळी येऊ द्या."

आबांनी घास ताटात ठेवला. त्यांनी वसंताच्या हातातला पेपर बघितला होता, आईचे जोडलेले हात बघितले होते. त्यांना कळायला माझी गरज नव्हती.  ओठ पांढरे पडले होते. अशा बातम्या याआधीही आल्या होत्या आणि तेव्हा ते जेवणावरून उठले होते. आई म्हणायची, सर्जेरावची आठवण येते त्यांना. आई उठून पाणी आणायला आत गेली. मी त्यांच्या उजव्या कानाशी सरकले.

"आबा, भिता काय? आला तर येऊ दे की. चांगलंच आहे."

"रोज म्हनतो, येऊ दे," आबा म्हणाले. "आन् रोज म्हनतो, नगं. शालनची पोरं शाळंत जात्यात."

 ते ताटाकडे बघत होते.

"लढाईत माज्या गोळीनं कोन मेलं, मला ठावं न्हाई. आमी पळत हुतो, गोळ्या झाडत हुतो, कोन पडला ते बघितलं न्हाई. कुनी इचारलं तर सांगता येनार न्हाई. पर सर्जाला म्या मारला, मंदे. देवळात बसून, त्येच्या आईफुडं. कुटं लागलं त्ये बी म्याच ठरिवलं."

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. आबा पाणी प्याले, त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागले.